दिगंबरच्या नावानं आलेलं मोनॅको

२ मार्च २०२५

मेलेल्या माणसाला आमंत्रण आलंय. जिवंत बायकोला नाही!

दिगंबरचा मेलबॉक्स मी अजून बंद केलेला नाही. दीड वर्ष झालं त्याला जाऊन, पण इन्शुरन्सवाले अजून तिथेच लिहितात. सकाळी चहा घेताना उघडला, तर विनीताची मेल. ‘हाय ऑल, सप्टेंबरची ट्रिप फायनल!’ नीस, व्हिलफ्रांश, मोनॅको, मांतों. दहा दिवस, चार जोड्या. शेवटी मोनॅकोत विनीता-श्रीरंगच्या लग्नाचा पंचेचाळिसावा वाढदिवस – कसिनोसमोरच्या कॅफेत शॅम्पेन. सोबत रोजचा कार्यक्रम, तासातासाचा. जुनीच यादी उचलून पाठवलीय बाईनं. त्यात दिगंबर आहे. मी नाही.

बावीस वर्षं एकत्र फिरलो आम्ही. अलास्का, ग्रीस, पेरू. प्रत्येक ट्रिपला तिखटमिठाच्या पुऱ्या कुणी केल्या? पेरूत विनीताला उलट्या झाल्या तेव्हा दोन दिवस तिच्या उशाशी कोण बसलं? मी!

मेल तीनदा वाचली. चहा तसाच गार झाला.

५ मार्च

शेजारच्या लेक हायावाथा गावातल्या देशी ग्रोसरीत विनीता भेटली. कोथिंबिरीच्या जुड्या चाळत होती. म्हटलं, आता तोंडावरच विचारते. विचारलं.

‘अगं नीना, मी फोन करणारच होते. पण सगळ्या जोड्याच आहेत ना यावेळी. तुलाच ऑकवर्ड होईल.’

आणि माझा हात दाबला! जुडी खाली न ठेवता.

तुलाच! म्हणजे माझ्याच भल्यासाठी! मी ‘हो, बरोबर आहे’ म्हटलं आणि हसलेसुद्धा. पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून रडले. मेथी घ्यायची राहिलीच.

६ मार्च

रडून झालं. आता बघते तिच्याकडे.

आमच्या ग्रुपात ट्रिपचा शो झाल्याशिवाय ट्रिप झाली असं कुणी धरत नाही. विनीताच्या बेसमेंटमध्ये मोठा पडदा, तीस-पस्तीस माणसं, त्या देशाचं जेवण. आणि एक नियम – एकदा दाखवलेली जागा पुन्हा कुणी दाखवायची नाही. बिचाऱ्या एका डॉक्टरांनी दुसऱ्यांदा ग्रीस दाखवलं, तर अजून त्यांना ‘शिळं ग्रीस’ म्हणतात.

ती सप्टेंबरात जाणार. मी एप्रिलात जाते. तिचाच कार्यक्रम, तिच्याच जागा, तिचंच कॅफे. आणि मेमध्ये माझ्या घरी शो! ऑक्टोबरात ती काय दाखवणार? शिळं मोनॅको!

९ मार्च

चारुताला सांगितलं. जर्सी सिटीहून लगेच व्हिडिओ कॉल. ‘आई, यू आर सेव्हंटी वन. अलोन?’ म्हटलं, एकाहत्तर आहे म्हणूनच. मग डोळे बारीक करून म्हणाली, ‘वेट. इज दिस अ रिव्हेंज ट्रिप?’

‘हो,’ म्हटलं.

‘ओके. कूल. टेक युअर बीपी मेड्स.’

लेक माझी आहे!

१४ मार्च

कुणीतरी म्हणालं, हिमानी जाऊन आलीय तिकडे. विवेकची बायको. विवेक २०१४ मध्ये गेला, अचानक. पूर्वी ती दोघंही आमच्याबरोबर फिरायची. पुढे ती दूर कॅरी गावी मुलाजवळ राहायला गेली आणि संपर्क तुटला. म्हणजे दिवाळीला तिचा मेसेज यायचा, मी एक दिव्याचं चित्र पाठवायचे.

फोन केला. अकरा वर्षांनी! पण तिनं काही बोलून दाखवलं नाही. किती नीट सांगितलं सगळं – मोनॅकोत राहू नकोस, नीसला राहा. टॅक्सी करू नकोस, किनाऱ्यानं बस जाते. जाताना उजवीकडे बस, सगळा रस्ता समुद्र दिसतो. ‘बीचवर दगडगोटे आहेत, चांगल्या चपला ने.’

‘तू कुणाबरोबर गेली होतीस?’

‘कुणाबरोबर जाणार? एकटीच.’

मग मी विनीताचं गाऱ्हाणं काढलं. म्हटलं, ‘काय म्हणाली असेल मला? सगळ्या –’

‘– जोड्याच आहेत, तुलाच ऑकवर्ड होईल,’ हिमानी म्हणाली.

‘तुला कसं कळलं?’

ती थोडी हसली. ‘कळतं गं.’

विनीतानं हिलाही असंच कापलं असणार. म्हणजे माझ्या खात्यावर आता दोघींचा सूड!

२३ एप्रिल, नीस

पोचले. गुडघा सुजलाय. समुद्र निळा आहे, पण इतका निळा की खोटा वाटतो. पहिला फोटो काढला – विनीताच्या कार्यक्रमातला पहिला दिवस, दुपारी चार, बीचवरच्या निळ्या खुर्च्या. टिक!

रस्त्यावर सोका म्हणून विकतात. चण्याच्या पिठाचं धिरडं, दुसरं काही नाही. वर नुसती मिरी. ओवा आणि हिरवी मिरची घालायला हवी होती. दोन खाल्ली.

२४ एप्रिल

बसमध्ये उजवीकडे बसले. हिमानी खरं बोलली.

व्हिलफ्रांश टिक. टेकडीवरचा गुलाबी बंगला टिक – कारंजी गाण्यावर नाचतात. तिथे एका जपानी जोडप्यातल्या नवऱ्यानं माझा फोटो काढून दिला. ‘युअर हजबंड?’ त्यानं विचारलं, म्हणजे दोघांचा काढू का असं. ‘लेट,’ म्हटलं. त्याला वाटलं उशिरा येतोय. दहा मिनिटं थांबला बिचारा!

२५ एप्रिल

मांतों. लिंबांचं गाव. लिंबाचा साबण, लिंबाचं सरबत, लिंबाचं सगळं. पिवळी-केशरी घरं चढणीवर एकावर एक. मी पायऱ्या चढून वर गेले आणि तिथल्या कठड्यावर बसून राहिले. दीड तास!

खाली आल्यावर लक्षात आलं, त्या दीड तासात विनीताची एकदाही आठवण आली नव्हती. स्वतःचाच राग आला. फोटोही काढला नव्हता. गुडघा बोंबलत होता तरी पुन्हा चढले. टिक.

२६ एप्रिल

आज मोनॅको!

केवढंसं ते! आमच्या पार्सिपनीत असे तीस मावतील. माझे आजोबा भोर संस्थानात कारकून होते, भोरसुद्धा याच्यापुढे साम्राज्य म्हणायचं. पण ऐट बघा! पावणेबाराच्या पुढे राजवाड्यासमोर पहारा बदलतो, पांढऱ्या कपड्यांतले शिपाई, बँड, आणि आपण सगळे गर्दी करून चार माणसांची जागा बदललेली बघतो. मोटारींच्या रेसचे कठडे लागलेत सगळीकडे. रस्ता ओलांडायचा तर वळसा. डोंगर चढायला मात्र चक्क लिफ्ट आहेत, फुकट. दिगंबर असता तर त्यानं प्रत्येक लिफ्टमध्ये वर-खाली केलं असतं आणि मला मोटर समजावून सांगितली असती. मी ‘पुरे’ म्हटलं असतं.

मग तिचं कॅफे. तिचं टेबल – मेलमध्ये लिहिलंय, ‘फ्रंट रो, फेसिंग कसिनो’. वेटरला दाखवून तेच मागितलं. शॅम्पेन मागवली. मी कधी घेत नाही. ‘फॉर टू?’ वेटरनं विचारलं. ‘वन,’ म्हटलं, जोरात. आजूबाजूच्यांनी वळून बघितलं.

फोटोत मी एकटी, ग्लास उंच, मागे कसिनो. विनीता, घे तुझा पंचेचाळिसावा वाढदिवस!

ग्लास अर्धाच प्यायले. आंबट होती.

१८ मे, पार्सिपनी

शो पुढच्या शनिवारी. सगळ्यांना बोलावलंय. जोड्यांना, एकट्यांना, सगळ्यांना! विनीतानं ‘ऑफ कोर्स, नक्की येऊ’ लिहिलंय. कुठे गेले होते ते मी ग्रुपात कुणाला सांगितलेलं नाही. नुसतं ‘युरोप’.

मेनू – चण्याच्या पिठाची धिरडी, लिंबाचं सरबत. तिला तिथेच वास यायला हवा.

२४ मे

झालं. झालं!

पहिली स्लाइड, नीसच्या निळ्या खुर्च्या. विनीता ‘अय्या!’ म्हणाली. दुसरी, तिसरी. मांतोंला तिनं श्रीरंगकडे बघितलं. मोनॅकोला तिचा चेहरा पार उतरला. मग कॅफे, माझा ग्लास उंच.

श्रीरंगनंच विचारलं, ‘नीना, हा सगळा कार्यक्रम तुला कुठून मिळाला?’

या प्रश्नाचीच वाट बघत होते. शेवटची स्लाइड लावली. विनीताची मेल, पडद्यावर, सहा फूट. वर यादी, आणि यादीत दिगंबरचं नाव, मी लाल गोल केलेलं.

‘दिगंबरला आमंत्रण होतं,’ मी म्हटलं. ‘तो येऊ शकला नाही. म्हणून मी गेले.’

श्रीरंग ताटात बघत बसला. विनीता पांढरी फटक पडली. दोन महिने याच क्षणाची वाट बघितली होती मी. गोड लागला. खोटं कशाला लिहू, फार गोड लागला!

निघताना ती दारात थांबली. डोळे भरलेले. मला वाटलं सॉरी म्हणेल. म्हणाली, ‘चुकलं माझं. पण जोड्यांचा नियम मी केलेला नाही नीना. जुन्या मेल बघ.’

काहीतरी बोलायचं म्हणून बोलली. दार लावून घेतलं मी.

२५ मे

धिरड्यांचं पीठ उरलंय. सकाळपासून चार फोन, सगळे ‘काय भारी शो!’ म्हणणारे. हिमानीचाही मेसेज – ‘कसा झाला? गुडघा कसा आहे?’

उत्तर देते नंतर. नियम काय, आणि मेल काय! बघतेच, म्हणजे तिचं तोंड कायमचं बंद होईल.

२६ मे

दिगंबरच्या मेलबॉक्समध्ये ‘ऑकवर्ड’ शोधलं. एकच मेल निघाली. ऑक्टोबर २०१४, ग्रीसच्या ट्रिपची. ‘हिमानीला विचारायला नको. सगळ्या जोड्याच आहेत, तिलाच ऑकवर्ड होईल.’ खाली नाव – नीना.

जुनीच यादी उचलून पाठवली होती मी. त्यात विवेकचा पत्ता आहे. तो गेल्यावर त्याच्या मेल हिमानीच उघडत असणार.

आणि तिनं मला सांगितलं, जाताना उजवीकडे बस, सगळा रस्ता समुद्र दिसतो.