खांब ओलांडल्यावरच मान थोपटावी

मी, खाली सही करणारा, शर्यतीचे घोडे तयार करण्यात उभा जन्म घालवलेला म्हातारा, राहणार मैदानामागच्या पागेवरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. एक कान शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नाही असे वकीलबाई म्हणतात. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. ज्यांनी आयुष्यभर दडपण आणून पाहिले ते माझ्या आधी गेले तरी, नाहीतर थकले तरी. यापूर्वी मी कोठे काही लिहून ठेवलेले सापडल्यास ते रद्द समजावे.

वकीलबाईंनी एक नमुना दिला होता. त्यात कोणाला काय द्यायचे याला जागा होती, का द्यायचे याला नव्हती. म्हणून मी माझ्या चालीने लिहितो. चाल दुडकी आहे, पण मुक्कामाला पोचते.

कलम १. माझा मुलगा दातांचा डॉक्टर आहे आणि घोड्यांच्या दातांना भितो. लहानपणी त्याला पागेत आणले की शिंकांनी बेजार व्हायचा. मी पुष्कळ दिवस मनाला लावून घेतले, मग त्याच्या आईने मला सुनावले, “त्याला घोडा आवडत नाही, बाप आवडतो. एवढं पुरे नाही का?” पुरे होते. तर माझी बँकेतली सर्व शिल्लक, भिंतीवरचे घड्याळ आणि त्याच्या आईचे शिवणयंत्र त्याला द्यावे. पागा त्याला नको आहे, हे त्याने मला तोंडावर आणि आनंदाने सांगितले आहे.

कलम २. नालबंदाला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही, कारण तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून कवडीही घेता येत नाही. हे ऐकून त्याचे तोंड पडले. त्याला माझी आरामखुर्ची हवी होती. ती मी कालच, म्हणजे धडधाकट असताना, त्याच्या डोक्यावर देऊन घरी पाठवली. कायद्याने हे चालते. मी आता ताठ पाठीच्या खुर्चीत बसून लिहीत आहे आणि त्याला मनातल्या मनात शिव्या देत आहे.

कलम ३. साखरेच्या व्यापाऱ्याने एका हरलेल्या शर्यतीनंतर आपले सगळे घोडे माझ्या पागेतून नेले आणि वर क्लबात बसून माझी टवाळी केली. त्याला मी माफ केलेले नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये.

कलम ४. पागा, तिच्यातली सर्व ठाणी, दाण्याची कोठी, पाण्याचे हौद, खोगिरे, लगाम आणि वरच्या दोन खोल्या मी मुंगीला देत आहे. मुंगी ही माझी जुनी शागीर्द. आज पागेचा सगळा कारभार तीच पाहते आणि मी फक्त खुर्चीतून हुकूम सोडतो, जे कोणी ऐकत नाही.

या कलमात एक गाठ आहे, ती उघड लिहितो. पागा वडिलांची. त्यांनी तोंडी सांगितले होते की पागा थोरल्याला आणि गावातले घर धाकट्याला. कागद केला नव्हता. माझा धाकटा भाऊ घरात राहतो, मी पागेत. पण त्याने निरोप धाडला आहे की, “त्या मुलीच्या नावावर पागा केलीस तर मी कोर्टात जाईन.” तो गेला तर मुंगीचे उरलेले आयुष्य कचेरीच्या बाकावर जाईल आणि घोडे उपाशी मरतील. म्हणून तो असे का म्हणतो हे लिहिणे भाग आहे.

मुंगी हे तिचे पाळण्यातले नाव नव्हे. आली तेव्हा एवढीशी होती आणि स्वतःपेक्षा मोठी गवताची पेंढी डोक्यावर घेऊन चालायची, म्हणून घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांनी ते ठेवले.

आमच्या पागेत वडिलांपासून एक रीत आहे. काम चालू असताना घोड्याची मान थोपटायची नाही. काम पुरे झाले की एकदाच, उघड्या तळव्याने, खांद्याजवळ. घोड्याला कळते की आता सुट्टी. दुसऱ्या पागांतले लोक हसतात. ते घोड्याला ऊठसूट थोपटतात, आणि मग थांबवायच्या वेळी लगाम ओढून त्याचे तोंड सोलून काढतात. आमचा घोडा एका थापेत थांबतो.

भाऊ दुरावला त्या वर्षी आमच्याकडे कुरकुर नावाची घोडी होती. कागदावर तिचे नाव लांबलचक आणि राजेशाही होते, पण ती ठाणात उभी राहून दिवसभर तक्रारी करायची. मुंगी शिकाऊ जॉकी होती, शर्यतीत उतरायला लागून फार दिवस झाले नव्हते. शेवटच्या वळणावर कुरकुर सगळ्यांच्या मागे होती. सरळ पट्टा लागताच मुंगीने तिला बाहेरच्या अंगाने काढले आणि एकेकाला मागे टाकत नेले. पुढे कोणी उरले नाही. जिंकण्याचा खांब समोर आला. आणि त्या पोरीला इतका आनंद झाला की खांबाच्या अलीकडेच ती रिकिबीत उभी राहिली आणि तिने घोडीची मान थोपटली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. कुरकुर तोंडाने कितीही कुरकुरो, शिकवलेले विसरणारी नव्हती. तिला वाटले, झाले काम. तिने पाय आवरले. मागचा घोडा नाकभर अंतराने जिंकला.

पंचांनी तिला आत बोलावले. शिकाऊ जॉकीबरोबर त्याच्या उस्तादाला उभे राहावे लागते, म्हणून मीही गेलो. खोलीत एक लांब टेबल, तीन पंच, आणि मधल्या खुर्चीवर मुख्य पंच म्हणून माझा धाकटा भाऊ. गळ्यात वडील घालायचे तशीच दुर्बीण, पण क्लबाने दिलेली.

“मान का थोपटलीस?” त्याने विचारले.

मुंगीने स्वतःच्या तळव्याकडे पाहिले.

“कोणी सांगितलं होतं थोपटायला?”

“कोणी नाही, साहेब.”

“हे बघ, त्याच पागेत मी वाढलोय. थाप पडली की तिथला घोडा थांबतो, हे मला कोणी शिकवायला नको. ही चूक नाही. या पोरीने पैसे खाऊन घोडी थांबवलीय. हिला पुन्हा मैदानात पाऊल टाकू देऊ नये, असं माझं मत आहे.”

मुंगीने माझ्याकडे पाहिले. तिच्या घरी आई आणि दोन भावंडे तिच्या कमाईवर जेवत होती, आणि घोड्यापलीकडे तिला काही येत नव्हते. ती रडली नाही. तिचे ओठ पांढरे पडले, एवढेच.

मी म्हणालो, “अरे, चोराने लगाम ओढला असता, वळणावर, गर्दीत, कोणाच्या डोळ्यांवर न येता. सगळ्या मैदानासमोर हसत हसत कोण चोरी करतं?”

“म्हणजे तिची चूकच नाही, असं म्हणायचंय तुला?”

“चूक आहे. घोडचूक आहे. शिक्षा कर. पण चुकीबद्दल कर, चोरीबद्दल नको.”

“दादा, मी दुर्बिणीतून स्वतः पाहिलंय.”

“दुर्बिणीतून हात दिसतो. हात का उचलला ते नाही दिसत.”

दुसऱ्या दोघा पंचांनी एकमेकांकडे पाहिले आणि माझ्या बाजूने कौल दिला. उरलेला हंगाम तिने शर्यतीत बसायचे नाही, आणि बाकीची शिस्त उस्तादाने लावायची. बाहेर जिन्यावर भाऊ मला म्हणाला, “चारचौघांत नाक कापलंस माझं.” तेव्हापासून त्याने पागेत पाय ठेवलेला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आमच्या घराण्यात सुंभही अजून शाबूत आहे.

आता शिस्तीचे. पंचांची शिक्षा म्हणजे घरी बसणे, आणि घरी बसून कोणी शहाणे झाल्याचे मी पाहिलेले नाही. मी मुंगीला सांगितले, “रोज सकाळी कुरकुरला हाताने धरून चालत न्यायचं. शेवटच्या वळणापासून निघायचं, खांब ओलांडायचा, पार पलीकडच्या फाटकापर्यंत जायचं. फाटक येईपर्यंत घोडीला बोटसुद्धा लावायचं नाही.”

सगळ्या जॉकींच्या देखत हे चालायचे. ते कठड्यावर बसून विचारायचे, “काय मुंगे, फिरायला निघालात दोघी?” ती मान खाली घालून चालायची. कुरकुर तिला नाकाने ढोसायची, कारण घोडीलाही कळत नव्हते की आपले काय चुकले. मी थोडे अंतर ठेवून मागून जायचो. शिष्याला उन्हात उभे करून आपण सावलीत बसणारे उस्ताद मला आवडत नाहीत.

एकदा फाटकाशी तिने घोडीच्या मानेवर थाप दिली आणि हात तसाच ठेवला.

“उस्ताद, हिला वाटत असेल की मी हिच्यावर रुसलेय.”

“वाटत असेल.”

“मग काय करू?”

“उद्या परत घेऊन ये. रोज फाटकाशी थाप मिळतेय म्हटल्यावर तिला कळेल.”

कुरकुरला कळायला आठवडा लागला. मुंगीला त्याआधीच कळले होते. पुढच्या हंगामात आणि त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत मुंगी पुढे असताना हरली असे एकदाही झाले नाही. हे मी शिष्येचे कौतुक म्हणून लिहीत नाही. कोणालाही विचारावे. साखरेचा व्यापारी तर घोडे घेऊन परत आला होता. मी त्याला ठाण रिकामे नाही म्हणून सांगितले. होते रिकामे.

कलम ५. गेल्या थंडीत मी आजारी पडलो. छातीत कफ, अंगात ताप, आणि मुख्य म्हणजे कंटाळा. मुलगा उशाशी बसून होता. चांगला मुलगा आहे. माझा खांदा थोपटत तो म्हणाला, “बाबा, पुष्कळ केलंत. आता आराम करा.”

तेवढ्यात मुंगी चिखलाच्या बुटांनी आत आली आणि जोरात ओरडली, “थोपटू नका त्यांना! थांबतील ते!”

बिचाऱ्याने हात असा मागे घेतला की जणू मी तापलेला तवा होतो. मला इतके हसू आले की कफ सुटला. दुसऱ्या दिवशी मुंगीबाई हातात दोर घेऊन हजर.

“उठा उस्ताद. वळणापासून फाटकापर्यंत.”

“मी नाही उठणार. मला माझ्या मनासारखं मरू दे.”

“घोडामैदान जवळच आहे. बघू कोण उठत नाही ते.”

उठलो. पहिल्या दिवशी खांबसुद्धा गाठता आला नाही, तिने काठीच्या आधाराने उभे करून परत आणले. आता रोज फाटकापर्यंत जातो. कठड्यावरची नवी पोरे मला विचारतात, “काय आजोबा, काय गुन्हा केलात?” मला तिचा फार अभिमान वाटतो आणि तिच्यावर माझी माया आहे. मी हे तिला कधी बोललो नाही, म्हणून कायद्याच्या कागदावर लिहून ठेवतो. इथे तिला उलट बोलता येणार नाही.

कलम ६. वडिलांची दुर्बीण. लहानपणी आम्ही दोघे भाऊ एक एक डोळा लावून तिच्यातून एकाच वेळी पाहायचो आणि भांडायचो. ही दुर्बीण माझ्या धाकट्या भावाला द्यावी. मात्र हे मृत्युपत्र उद्या सकाळी पागेच्या स्वयंपाकघरात मोठ्याने वाचले जाणार आहे, आणि मी त्याला साक्षीदार म्हणून बोलावले आहे. तो आला आणि त्याने सही केली, तर कलम २ मधल्या नियमाने त्याला दुर्बीण मिळणार नाही, ती मुंगीकडे राहील. पण त्याची सही असल्यावर मुंगीला कोणी कोर्टात ओढू शकणार नाही, निदान तो तरी नाही. आला नाही, तर शेजारचा बेकरीवाला सही करेल, भावाला दुर्बीण मिळेल, आणि मुंगीला मिळेल कोर्ट. काय घ्यायचे ते त्याने ठरवावे. मी त्याला आग्रह करणार नाही. फक्त एवढेच सांगतो की स्वयंपाकघरातली त्याची खिडकीजवळची खुर्ची मी कोणाला दिलेली नाही. नालबंदाने मागितली होती.

कलम ७. मला शेवटचे नेताना मैदानावरून न्यावे, शेवटच्या वळणापासून. घाई करू नये. पुढे मुंगीने चालावे. वाटेत कोणी मला थोपटू नये, मुलाने तर मुळीच नाही. खांब ओलांडावा, फाटकापर्यंत जावे, आणि तिथे मुंगीने एकदा, उघड्या तळव्याने, खांद्याजवळ थाप द्यावी. मला कळेल.

वरील सर्व मी समजून उमजून लिहिले आहे, कोणावर राग नाही (कलम ३ सोडून), आणि आयुष्य छान गेले.

सही: मृत्युपत्र करणारा
स्थळ: पागेचे स्वयंपाकघर
दिनांक: हंगामातल्या शेवटच्या शर्यतीनंतरचा दिवस, सकाळ

साक्षीदार पहिला: नालबंद. माझ्यासमोर सही झाली. खुर्ची उत्तम आहे.

साक्षीदार दुसरा: ~~बेकरीवाला~~ मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ, निवृत्त मुख्य पंच. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून सर्व कलमे ऐकली. माझ्यासमोर दादाने सही केली. हरकत नाही. जुन्या शर्यतीबाबत पंचाचा सुधारित निर्णय: मुलीने घोडीची मान आनंदाने थोपटली होती. दुर्बीण तिच्याकडेच राहू द्यावी.