पोथीवरचा घाम

अनसिंग, श्रावण शुद्ध ५, शके १८५४

मेलो नाही. पण तासाभरापूर्वी खात्री होती.

देवळात पोथी सांगत होतो. ओवी सोपी, आवाज लागलेला — आणि एकाएकी छातीत उखळ-मुसळ सुरू! हात बधिर, घसा कोरडा, उपरणं घामानं चिंब. समोरची माणसं लांब लांब जाऊ लागली. आता मरणार, आणि तेही मारोतराव पाटलांच्या देखत! शब्द फुटेना. नुसता थरथरत बसलो. डोळ्यांतून पाणी.

मंडळींनी काय करावं? पाणी द्यावं? छे! टाळ्या! 'महाराजाइले भाव आला!' मारोतरावांनी तर पायांवर डोकंच ठेवलं. मी मरतोय आणि हा नमस्कार घालतोय!

शुद्ध ६

शास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. घाम, कंप, अश्रू, वाचा बसणे, अंगावर काटा — काल आठांपैकी एकही चुकला नाही. म्हणजे मी परमभक्त! शास्त्रकाराला असा झटका एकदा आला असता, तर त्यानं यादी केली नसती. वैद्य बोलावला असता.

शुद्ध ९

मंगरूळला डॉक्टरांकडे गेलो. छातीला नळी लावली. 'बैलाचं काळीज हाय बुवा तुमचं.' मग मरण का दिसतं? म्हणाले, 'पाहू नका.' वा!

शुद्ध १३

पुन्हा आला. आता तर तो येण्याआधी त्याच्या येण्याची भीती येते, आणि ती आली की तो येतोच. कुंभक करून पाहिला. श्वास कोंडला तर जास्तच. योगशास्त्रावरही राग आहे.

गर्दी दुप्पट. रिसोडहून बैलगाड्या! एकानं विचारलं, 'आज भाव कधी येईन जी?' जणू सर्व्हिस मोटारीची वेळ!

त्यात अकोल्याहून संपादकांचं कार्ड — 'आपल्या गावच्या साक्षात्कारी पुराणिकांची हकीकत त्वरित पाठवा.' त्यांच्या पत्राचा इथला वार्ताहर मी, पुराणिकही मी! कपाशीवरच्या अळीची हकीकत पाठवली. तिला तरी काही होत नाही.

वद्य २

टाक मोडला, रागानं.

आज बायकांच्या बाजूला जगदेव दुकानदाराची सून गोमती एकदम उठली. हात छातीवर, ओठ पांढरे, श्वास सापडेना. 'मरतो वो माय!' तोच घाम, तोच कंप. मी आरशात पाहावं तसा पाहत राहिलो.

टाळ्या? नाही. बायका मागं सरकल्या. मारोतराव म्हणाले, 'बाहेरचं लागलं. भगताले बलवा.' भगत आला. उद्या पोथीनंतर देवळामागं मिरच्यांची धुरी द्यायची, भूत अंग सोडेपर्यंत झोडपायचं, असं ठरलं. जगदेवनं मान हलवली. पोरीला कोणी विचारलंच नाही.

आणि मी? आसनावर गप्प. घरी बायको, प्रयाग, म्हणाली, 'तुमी काहून नाई बोलले?'

'बोललो असतो तर आसन गेलं असतं.'

'मंग जाऊ द्या ना!'

तिच्यावरही ओरडलो. ती भाजी परतत राहिली.

वद्य ३

बोललो.

पोथी उघडली, मिटली. म्हणालो, मला होतो तो भाव नव्हे. भीती आहे. देव नाही, भूत नाही. गोमतीला झालं ते हेच. तिला धुरी द्यायची तर आधी मला द्या. मिरच्या इथंच आणा.

मारोतराव हळूच म्हणाले, 'बुवा, मस्करी नका करू. लोकाइनं नारळ फोडले तुमच्यापुढं.'

'खोबरं गोड होतं.'

कोणी हसलं नाही.

जगदेव उभा राहिला. 'म्हंजे हिले काई लागलं नाई?'

'लागलं. भीती लागली.'

'कायची?'

'ते कळलं असतं तर मी इथं लटपटत बसलो असतो का रे?'

कारण तोवर झटका आलाच होता. येऊ दिला. बोलत राहिलो. बोलताना श्वास बाहेर जातो, आणि गेला की आत यावाच लागतो — एवढं समजलं. डोंगर चढावा तसा चढला, आणि उतरला. मेलो नाही. या खेपेला मरणाकडे पाहिलंही.

जगदेव सुनेला म्हणाला, 'चाल घरी, पोरी.' भगत कोरडाच परतला. पायांना कोणी हात लावला नाही. पाटील तर ओळख नसल्यासारखे निघून गेले. संताप येतो — आणि भूकही लागली!

वद्य ५

आसनावर रिसोडचे पुराणिक बसवले. ठणठणीत आहेत. गावाची फार निराशा होणार.

वद्य ६

सकाळी चुलीपाशी बसलो होतो. प्रयाग भाकऱ्या थापत होती. मागं वळली नाही.

'मले बी होते ते.'

'कधीपासून?'

'विमल पोटात होती तवापासून.'

विमलची मुलगी आता चालते.

'आणि तेव्हा काय करतेस?'

'थापत राहा लागते. तव्यावरची भाकर जळते ना.'