आईचा वशिला

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून दचकू नकोस. आपला फोन म्हणजे तिसऱ्या वाक्याला भांडण. त्यातून या घराच्या भिंती इतक्या पातळ, की मी तुझ्यावर ओरडलो की आई पलीकडच्या खोलीतून दोघांनाही रागावते. आणि आज विषयच आईचा आहे. उजवा हात अजून गळ्यात आहे, तेव्हा डाव्या हाताने गिरगटतोय. गणिताच्या बाईंनी अक्षराचे गुण कापू नयेत.

सरळ सांगतो. आईने प्रार्थना सोडली. मी दवाखान्यातून घरी आल्यापासून एकदाही बसलेली नाही. मी कामावर निघालो की ती खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटून बसायची, तुझं, भावजींचं, हिचं नाव घ्यायची आणि शेवटी माझं, ते तुला माहीतच आहे. त्या खुर्चीवर आता ती इस्त्रीचे कपडे रचून ठेवते. मी विचारलं तर म्हणाली, की बस झालं, आता निवृत्त झाले. जणू काही पोस्टातून रिटायर झाली!

झालं असं. अपघाताची हकीकत तुला ठाऊक आहे, पण दवाखान्यातली नाही, कारण ती तू पोचायच्या आधीची. आई आली तेव्हा शेजारचं अर्धं बिऱ्हाड माझ्या खाटेभोवती होतं. तिने हात जोडले आणि सगळ्यांना सांगितलं, की देव तारी त्याला कोण मारी, इतकी वर्षं मागत होते ते त्याने ऐकलं. आता मी लिफ्टचा मेकॅनिक. मला राहवेना. मी सांगायला लागलो, की चाचणीसाठी केबिनमध्ये वजनं भरली होती, मी केबिनच्या छतावर उभा होतो, वरच्या मोटरचा ब्रेक निसटला आणि केबिन खाली सुटली. वेग वाढला की रुळाला दोन्हीकडून चावणारा लोखंडी जबडा असतो, तो चावला म्हणून मी वाचलो. त्या जबड्याची साफसफाई मीच केलेली. मग देव मधे आला कुठे? आणि वाचवायचंच होतं तर त्याने ब्रेक तरी कशाला निसटू दिला? लोक हसले. आई हसली नाही. पाण्याची बाटली भरून आणते म्हणून गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

ताई, मी काय चुकीचं बोललो? देव नाही हे मी मिसरूड फुटल्यापासून सांगतोय. आजवर तिने कधी मनावर घेतलं नाही. आता या वयात एकदम कसं पटलं? घरात कसंतरीच वाटतं. ती जेवते, औषध घेते, हिच्याशी बोलते, पण सगळं बिनआवाजाचं. तुम्ही दोघी एका पक्षाच्या. तू तिला समजाव आणि परत त्या खुर्चीत बसव. माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

भावजींना नमस्कार. माझ्यावरचा लोभ, उरला असेल तेवढा, राखून ठेव.

तुझा
ठोक्या


दि. ११ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद आणि दोन कानाखाली.

पत्र वाचलं आणि वर्गात पोरांवर विनाकारण खेकसले. करून सवरून नामानिराळा! तू तिच्या पायाखालचा पाट ओढलास आणि आता मला पत्र लिहून विचारतोस, की आई पडली कशी. लहानपणी घड्याळं खोलून ठेवायचास आणि जोडायला बाबांना हाक मारायचास, तशीच ही तऱ्हा. म्हणूनच नाव ठोक्या पडलं.

आम्ही दोघी एका पक्षाच्या, हेही तुझं नेहमीचंच. मी देव मानते, पण आईसारखा नाही. माझा देव लिफ्ट धरून ठेवत नाही, परीक्षेचे गुण वाढवत नाही, आणि कुणाचं नाव यादीत शेवटी आलं म्हणून त्याच्याकडे जास्त लक्षही देत नाही. जगात काही एक आहे, ज्याच्यामुळे वाईट वागताना लाज वाटते, इतपतच माझं म्हणणं. आई त्याला देव म्हणणारच नाही. आमचंही यावरून वाजलेलं आहे, फक्त आम्ही शेजारी गोळा करून वाजवत नाही. तेव्हा समजाव म्हणजे काय समजावू? माझं म्हणणं सांगितलं तर ती आणखीच निराश होईल.

आणि तू बोललास ते चूक नव्हतं हेच तर दुखणं आहे. त्या जबड्याचं तुझं बरोबरच असेल. पण ती काही विज्ञानाचा धडा मागायला आली नव्हती रे. तिचा मुलगा जिवंत होता, आणि त्यात आपला काहीतरी हात आहे असं तिला वाटत होतं. तू तिचा वाटा काढून लोखंडाला दिलास. मला इतका संताप आला आहे, की समोर असतास तर दुसराही हात गळ्यात घातला असता.

तिला माझ्याकडे पाठव. माझ्या उत्तरपत्रिका तपासून होईपर्यंत ती स्वयंपाकघराचा ताबा घेईल, मला नावं ठेवेल, तेवढाच जीव रमेल. निघण्याआधी मात्र तिची माफी माग. नुसती माग. पुढे पण लावू नकोस.

वहिनीला सांग, की नवरा नावाच्या प्राण्याला सांभाळ. राग आहे म्हणून माया आटली असं समजू नये.

तुझी
ताई


दि. २१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचल्याचं कळलं. माफीचं विचारलंस. मागितली. आणि पण लावला नाही. फक्त एवढंच म्हणालो, की तू प्रार्थना केलीस तर माझी काही हरकत नाही. ती ज्या नजरेने बघत राहिली, त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. मग म्हणाली, की परवानगीबद्दल आभारी आहे. हिने कपाळाला हात लावला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

आता जे लिहितो ते तुझ्यातच ठेव. हिलाही सांगितलेलं नाही.

हाताचं प्लास्टर निघालं. डॉक्टरने कामावर जायला हरकत नाही म्हटलं. सोमवारी गेलो. जुनी सहा मजली इमारत, साधं काम, दाराची कडी अडकत होती. केबिन खाली घेतली, वरच्या मजल्याचं दार किल्लीने उघडलं आणि छतावर पाय टाकायचा, एवढंच. टाकता येईना. खाली छत दिसतंय, दिवा लावलेला आहे, ब्रेक मी स्वतः दोनदा तपासलाय. पाय जागचा हलेना. सोबत्याला म्हणालो, की पाना विसरलो, आणि खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. पाना खिशातच होता. ते काम शेवटी त्याने केलं. मंगळवारी तेच. बुधवारी सांगितलं, की खांदा दुखतो. मुकादम समजूतदार आहे, पण तो किती दिवस समजून घेणार? मला दुसरं काय येतं?

रस्त्यावर उभा होतो तेव्हा काय सुचलं सांगू? की आत्ता आई खुर्चीत बसलेली नाही. इतकी वर्षं लिफ्टच्या शाफ्टमध्ये उतरताना हा विचार कधी मनात आला नव्हता. आला असता तर मीच हसलो असतो. पण ती तिकडे बसलेली असायची हे कुठेतरी धरून चाललो होतो, पायाखाली जमीन आहे हे धरून चालतो तसं. माझा स्वतःचाच इतका राग येतोय, की सांगता सोय नाही. देव नाही हे आजही तितकंच पक्कं आहे, तसूभरही हललं नाही. आणि तरी मला ती तिथे बसायला हवी आहे. हे कुठल्या हिशोबात बसतं ते गणिताच्या बाईंनी सांगावं.

तू तिला काहीतरी सांगून पुन्हा सुरू करायला लाव. तुझ्या वर्गाच्या परीक्षेसाठी म्हण, भावजींच्या रक्तदाबासाठी म्हण. मग माझं नाव ती आपसूक घेईलच. मी सांगितलं हे मात्र कळू देऊ नकोस. सोमवारी पुन्हा तिथेच काम आहे.

एवढी एक गोष्ट कर, मग जन्मभर शिव्या दे.

तुझा
ठोक्या


दि. २५ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

घाईत लिहिते. तुझं पत्र हातात पडलं तेव्हा आई समोरच भाजी निवडत बसली होती. माझा चेहरा बघून तिने ओळखलं. मी तुझ्या भावजींच्या रक्तदाबाची थाप सुरू केली, पण वर्गात खोटं पकडणारी मी, मला स्वतःला कुठे धड बोलता येतं? तिने पत्र मागितलं. चष्मा सापडत नव्हता, म्हणून मला वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं. सगळं, अगदी पान्यासकट. रागव माझ्यावर, पण तुम्हा दोघांच्या मधे निरोप्याचं काम करून मी जेरीला आले आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मधेच मला हसूही आलं, रडूही. देव नको, पण आईचा वशिला हवा! मी म्हटलं, की ठोक्यासाठी मी बसते, तर आई म्हणाली, की त्याला तुझं चालणार नाही. खरंच आहे ना? मला थोडं लागलं, ते असो.

ती उत्तर स्वतः लिहिणार आहे. काय लिहिणार ते मला सांगत नाही. मी तिला बस म्हटलेलं नाही, नको बसूस म्हटलेलं नाही. आता तुझं तू बघ. सांभाळून राहा.

तुझी
ताई


दि. २६ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

ताईकडे मी बरी आहे. हिचं स्वयंपाकघर म्हणजे आनंदच, पण दोन दिवसांत डबे जागेवर लावले. सूनबाईला सांग, की माझं गुडघ्याचं तेल कपाटात राहिलं आहे, ते सांडू देऊ नकोस.

तुझं पत्र ऐकलं. तू घाबरलास हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही. पण तू म्हणतोस ते माझ्याच्याने होणार नाही.

तू दवाखान्यात बोललास त्याचा मला राग आला होता, चारचौघांत बोललास म्हणून जास्त. पण तो राग आठवड्यात गेला. तुझ्यावर मी किती दिवस रागावणार? राग गेल्यावर एकदा कपडे उचलून ठेवले आणि त्या खुर्चीत बसले. डोळे मिटले. काहीच आलं नाही. ब्रेक कशाला निसटू दिला, हे तू विचारलंस आणि मला उत्तर देता आलं नाही. तुझे वडील गेले तेव्हाही मी स्वतःला सांगितलं होतं, की त्याला ठाऊक. आता तसं म्हणायला गेले की पुढे तुझा तो प्रश्न उभा राहतो. तुम्ही पोरं बोलून मोकळी होता. तुम्हाला वाटतं, की आई म्हणजे पालथा घडा, कितीही ओता, आत काही जाणार नाही. गेलं ना आत. आता बाहेर कसं काढू ते तुम्हा दोघांपैकी कुणालाही सांगता येत नाही. ताई तिचं ते लाज वाटण्याचं सांगते. ते ऐकायला चांगलं आहे, पण त्याला तुझं नाव कसं सांगायचं?

तुझ्यासाठी मी नुसती बसले तर तुला बरं वाटेल, हे मला कळतं. पण तू आयुष्यभर मला सांगत आलास, की जे नाही ते आहे म्हणू नये. मग आता तू घाबरलास म्हणून मी तुझ्याशी खोटं वागू का? ते मला जमायचं नाही. तुला शाफ्टमध्ये उतरायचं नसेल तर नको उतरूस, दुसरं काम बघ, आपण उपाशी मरत नाही. उतरायचं असेल तर तुझा तू उतर.

आणि उतरलास तर एक करायचं. पूर्वी तू दाराबाहेर पडलास की मी तुला त्याच्या हवाली करायचे आणि उठून कामाला लागायचे. संध्याकाळपर्यंत मला तुझी आठवणही नसायची, इतकी मी निर्धास्त होते. आता मी तुला कुणाच्या हवाली करू? दिवसभर जीव टांगणीला लागलेला असतो. तेव्हा वर आलास की मला फोन करायचा. रोज, आणि प्रत्येक वेळी. कामात होतो, विसरलो, सोबत्यासमोर लाज वाटली, यातलं काही ऐकून घेणार नाही. तू कळवल्याशिवाय मला आता कळणार नाही.

तुझी
आई