फुगडीची मोटर

घोडपदेव,
२० ऑगस्ट २०२५

चि. शंतनु, मंडळाचे कलाप्रमुख, यांस अनेक आशीर्वाद. पैकी जे अद्याप मागे घेतलेले नाहीत ते.

माझी प्रकृती उत्तम, क्रोधही उत्तम. यंदाच्या गणपतीत छळछावणीचा चलचित्र देखावा असून त्याचे निवेदन माझ्या ‘भारदस्त आवाजात’ हवे, हा तुझा निरोप पोचला. शीर्षकही वाचले : ‘नरसंहार, एक थरार’. यमक साधले आहे; विवेक तेवढा निसटला.

काल मांडवात जाऊन पाहणी केली. तुझा पट्टशिष्य स्वप्नील म्हणाला, “काका, इथे उभे राहा. हा सेल्फी पॉइंट. मागून गॅसचा धूर सोडतो, फोटो एकदम कडक येतो.” विषारी वायूचे एवढे आतिथ्य मी प्रथमच पाहिले.

धुरापलीकडे प्रेतांचा ढीग होता. मी तिथूनच तुला फोन केला. माणसांचे मरण असे हलवून दाखवू नये, इतकेच बोललो. तू म्हणालास, “बाबा, लोकांना इतिहास कळतो. आणि त्यांचं कोण इथे बघायला येणारे?”

मी फोन ठेवला. तुझ्या तर्कशुद्धतेपुढे मी निरुत्तर झालो, असे तू समजला असशील.

कारण निराळे. खर्च वाचावा म्हणून तुम्ही मंडळाच्या जुन्या बाहुल्या भादरून, पट्ट्यापट्ट्यांचे कपडे चढवून त्या ढिगात टाकल्यात. त्यांत मंगळागौरीच्या देखाव्यातल्याही आहेत. त्यातल्या फुगडी घालणाऱ्या बाहुलीचा चेहरा आनंद मूर्तिकाराने तुझ्या आईला समोर बसवून घडवला होता. तू तेव्हा लहान होतास. राखेचा रंग हनुवटीवरच्या तिळावर नीट बसलेला नाही. मोटर तीच आहे. तेव्हा फुगडी फिरायची, आता तडफड होते.

तेव्हा, त्यांचे कोण येणार, याचे उत्तर : मी आलो होतो.

हे वाचून तू धावत जाशील आणि तिला तेवढी बाहेर काढशील. तसे करू नकोस. शेजारच्या बायकांना पडलेल्या ठेवून एकटी उठून घरी येणारी ती नव्हती. उचलायचा तर सगळा ढीग उचल. न उचललास, तर चतुर्थीपासून मी रोज त्या सेल्फीच्या जागी उभा राहीन. येणाऱ्या प्रत्येकास तुझ्या आईचे नाव सांगेन आणि बाकीच्यांची नावे मंडळाला विचारा म्हणेन. निवेदन हवे होते ना, ते हेच.

‘तुझा’ असे तूर्त लिहीत नाही.

सुमेधेचा,
रघुवीर