आईचा आवाज आणि दुपारचे फोन

५ सप्टें. ९९, रविवार
शेवटी झालं एकदाचं. ऑफिसातली लीना सकाळीच आली, टेपरेकॉर्डर वायरने कॉम्प्युटरला जोडला आणि आईची कॅसेट आत घेतली. आपल्या महिला मंडळाची गाणी आई स्वयंपाक करता करता म्हणायची, ती आप्पांनी टेप केलेली. मधेच ओरडते, "माया, गॅस बारीक कर गं!" आई जाऊन तीन वर्षं झाली. मी अजून उठते त्या हाकेला.
कॅसेट रिवाइंड करताना फीत तुटली. चुरगळून बाहेर आली. लीना म्हणाली, "असू दे गं, आता मशीनमध्ये आहे ना."
गाणी वाजवायला प्लेअर हवा. मासिकाबरोबर फुकट सीडी आलेली, त्यातला टाकला. किती प्रश्न! नाव, पत्ता, फोन, जन्मतारीख, घरात माणसं किती. रिकामं ठेवलं की पुढे जाऊ देईना. भरलं सगळं.
आप्पा खुर्ची ओढून ऐकत बसले. डोळे मिटून. जेवायला उठेनात.

९ सप्टें.
आप्पा शिकले! बटण दाबायचं, थांबायचं, मग त्या नारिंगी गोलावर दोनदा टिचकी. रोज दुपारी जेवण झालं की ऐकतात. रिटायर झाल्यापासून दुपार खायला उठायची त्यांना.
मशीन लावलं की प्लेअर आपणहून उघडतो. चौकट येते: नवीन आवृत्ती आली आहे, आत्ता घ्या. 'नंतर' म्हटलं की जाते. पाणी पिऊन येईपर्यंत परत हजर.

१४ सप्टें.
दुपारी ऑफिसातून घरी फोन लावत होते, सारखा एंगेज. घाबरले. खोपटला बसमधून उतरून रिक्षा केली नि वर्तकनगरला घरी आले, तर आप्पा निवांत शेंगा सोलत बसलेले.
"कोणाशी बोलत होतात एवढं?"
"मी कशाला बोलू? तो डबाच किंचाळत होता मघापासून."
डबा म्हणजे नेटचा मोडेम, तो लागला की फोन एंगेज. पण मी नेट लावलंच नव्हतं. आपलं आपण लागलेलं. कोणाशी?

१८ सप्टें.
लीनाने सांगितल्याप्रमाणे सेटिंगमध्ये गेले. सतरा ठिकाणी टिकच्या खुणा. 'आपोआप संपर्क ठेवा', 'ऑफर कळवा', 'सवयी जाणून घ्या'. सगळ्या काढल्या. मशीन बंद करून परत लावलं.
खुणा जिथल्या तिथे.

२२ सप्टें.
फोन आला. "माया मॅडम? मी विक्रांत, प्लेअरच्या कंपनीतून." छान मराठी, आवाज गोड. मोठी आवृत्ती घ्या, आवाज स्वच्छ येईल, जाहिराती बंद होतील. नको म्हटलं. "बरं मॅडम, विचार करा. मी करतो परत." नका करू म्हणेपर्यंत ठेवला.

२७ सप्टें.
आप्पा: "त्या विक्रांतचा फोन आलेला."
"मी नको म्हटलंय त्याला."
"अगं, विकायचं काही बोललाच नाही. डोंबिवलीचा आहे. त्याची पण आई गेली, लहानपणीच." अर्धा तास बोलले म्हणे. प्रदीपदादा नाशिकहून महिन्यातनं एकदा फोन करतो, तो पण दोन मिनिटं. म्हणून काही बोलले नाही. पण

४ ऑक्टो., सोमवार
आता रोज येतो फोन. नेमका मी ऑफिसात असते तेव्हा. पहिल्यांदा 'गुड आफ्टरनून सर' म्हणाला होता, आता 'जयभीम आप्पा' म्हणतो. हे सांगताना आप्पांचा चेहरा फुललेला.
"आज विचारत होता, आप्पा, आज गाणं नाही लावलंत? तब्येत बरी ना? मला खरंच कणकण होती गं. झोपून होतो."
"तुम्ही सांगितलेलं त्याला, रोज दुपारी ऐकता म्हणून?"
"मी कशाला सांगू? त्याला ठाऊक होतं."
आप्पांना यात काहीच वाटलं नाही. मी ताट बाजूला सारलं.

१० ऑक्टो., रविवार
लीनाला बोलावलं. म्हटलं उपटून टाक तो प्लेअर. तिने काढला. मग आईची गाणी दुसऱ्या प्लेअरमध्ये लावायला गेलो, तर उघडेनात. एकही नाही. लीनाने खूप खटपट केली. प्लेअरने सगळी गाणी आपल्याच साच्यात करून ठेवलीत, त्याच्याशिवाय वाजणारच नाहीत. आम्हाला न विचारता. लीनाचा चेहरा उतरला. "माया, सॉरी गं. ती मूळ फाइल मी ठेवायला हवी होती."
आप्पा दारात उभे. "तुझ्या आईला काय केलंत तुम्ही?" एवढंच म्हणाले.
सीडी परत घातली. यावेळी एकही प्रश्न नाही. सगळं भरलेलंच आलं. माझं नाव, पत्ता, फोन. खाली आप्पांचं नाव. पूर्ण, आजोबांच्या नावासकट.
ते मी कधीच भरलं नव्हतं.

११ ऑक्टो.
आप्पांना दुपारी फोन. विक्रांत म्हणाला, "काल जरा गडबड झाली ना घरी?"
मी विचारलं, तुम्ही सांगितलंत त्याला? म्हणे, मी नुसतं 'हो' म्हटलं.

१९ ऑक्टो., दसरा
सकाळी विहारात जाऊन आलो. जेवायला प्रदीपदादा, वहिनी, सुमनआत्या. आत्याने आईचा आवाज अजून ऐकलाच नव्हता. आप्पांनी ऐटीत लावलं. सगळे खाली सतरंजीवर. आईने वरचा सूर धरला आणि आत्याने पदर डोळ्याला लावला.
तेवढ्यात ठणठण संगीत. आईच्या आवाजावरच. एक बाई इंग्रजीत काहीतरी सांगतेय, पडदाभर चौकट, बंद करायची खूण सापडेना. खाली आई गातच होती, ऐकूच येईना. दादाने मेन स्विच बंद केला.
आत्या म्हणाली, "गेलेल्या माणसाच्या तोंडावर असा बाजार मांडू नये बाबा." आणि जेवली नाही.
संध्याकाळी परत लावलं तर नवीन ओळ: तुमची मुदत संपत आली आहे.
दादा म्हणतो विकत घेऊन टाक, कटकट मिटेल. त्याला कसं सांगू. पैशाचं नाहीये.

२३ ऑक्टो., शनिवार
सुट्टी. एक युक्ती सुचली. स्पीकरसमोर टेपरेकॉर्डर ठेवला, कोरी कॅसेट घातली, खिडक्या लावल्या, पंखा बंद. आप्पांना म्हटलं, खोकू नका. तोंडावर टॉवेल धरून बसले बिचारे.
पहिली तीन गाणी आली. चौथ्यात जाहिरात घुसली. मागे घेऊन परत लावलं. आवाज बंद. चौकट: मुदत संपली. पुढे ऐकण्यासाठी संपर्क साधा.
तीन गाणी मिळाली. आवाज विहिरीतून आल्यासारखा, पण आहे आईचाच. 'गॅस बारीक कर' पाचव्यात आहे.
आप्पा विचारत होते, बाकीची कुठे गेली?

२५ ऑक्टो.
मशीनची फोनची वायर काढून कपाटात ठेवली. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये. बघू आता कोणाला काय कळतं.
आप्पा बोलत नाहीत माझ्याशी. भाकरी अर्धी टाकली.

२७ ऑक्टो.
त्याचा फोन. ऑफिसात! साहेबांच्या टेबलावरचा फोन, सगळे बघतायत.
"मॅडम, वायर काढलीत ना. आप्पा खचलेत हो. तुम्ही दिवसभर बाहेर, तुम्हाला नाही दिसत."
"तुम्ही त्यांना आप्पा म्हणायचं नाही. घरी फोन करायचा नाही. मी पोलिसात जाईन."
"जा की." चिडला नाही, हसला पण नाही. "काय सांगाल? एक मुलगा रोज म्हाताऱ्या माणसाची चौकशी करतो?" मग हळू आवाजात: "आईंचा आवाज आहे, मॅडम. असा अर्धवट ठेवू नये. काय गायच्या हो. आणि ते मधेच गॅस बारीक करायला सांगतात..."
मी फोन ठेवला. साहेब म्हणाले, घरी सगळं ठीक?
घरी येऊन आप्पांना विचारलं, तुम्ही त्याला गाणी ऐकवलीत फोनवरून? "आठवत नाही," म्हणाले. आप्पा कधी काही विसरत नाहीत.

३० ऑक्टो., शनिवार
सकाळी लीनाकडे गेलेले, नवी कॅसेट स्वच्छ करता येते का बघायला. परत आले तर जिन्यातच आईचा आवाज. पाचवं गाणं. स्वच्छ. कढईचा चर्र आवाजसुद्धा.
आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत. मोरीत दोन कप विसळून पालथे.
"आलेला. पंधरा मिनिटांत सगळं करून गेला. बघ, जाहिरात नाही की काही नाही. उगाच तू..."
"कसा दिसतो?"
"चांगला आहे. आपल्या प्रदीपसारखाच."
"पत्ता कोणी दिला?"
"अगं, दिलेलाच होता ना तूच."
"आणि पैसे?"
"नाही घेतले. काहीच नको म्हणाला."
काही मागितलं असतं तर बरं झालं असतं. मशीनमागे नवीन वायर, काळी, भिंतीपर्यंत. ओढली तर निघेना, खिळे मारलेत. प्लेअर उघडायचीही गरज नाही आता, म्हणे आपणच सुरू होतो, आप्पा खुर्चीत बसले की.
"उद्या जेवायला बोलावलंय त्याला. मासे आवडतात म्हणाला."
मी तिथेच बसले. आई गात होती. सुंदर येत होतं ऐकू, खोटं कशाला लिहू. मी पण ऐकत राहिले.

आत्ताच फोन वाजला. मी उठायच्या आत आप्पांनी घेतला.
"हो रे... हो, आली ती. नाही, रागावली नाहीये. इथेच आहे, समोर. काहीतरी लिहीत बसलीये."
रिसीव्हर माझ्याकडे धरलाय. "घे, तुझ्याशीच बोलायचंय म्हणतो."
मी मान वर केलेली नाही. लिहितेय असं दाखवतेय. आप्पा हात लांब करून तसेच उभे आहेत आणि पलीकडचा काही बोलत नाहीये. थांबलाय.