तळहातावरची तारीख

प्रिय धाकटे,

त्या सोमवारी सकाळी देवाला हात जोडून मी नेहमीसारखा वेळेआधी विमा कार्यालयात आलो, शिक्क्यावरची तारीख बदलली आणि खिडकी उघडली. रांगेत तू पाचवी होतीस, कडेवर भिंगरी. एवढी घोडी झाली तरी कडेवर कशाला, असं मी म्हणालो, तर तीच म्हणाली, "मामा, खालून तू दिसतच नाहीस!" मग हट्ट धरला, माझ्या हातावर शिक्का मार. मी मारला. तळहातावरची निळी तारीख ती सगळ्या रांगेला दाखवत सुटली. दोन दिवस तिनं तो हात धुऊ दिला नाही, असं तूच सांगितलंस.

तुझा अर्ज मेंदूज्वराच्या लशीचा होता. सरकारी विम्यातून ती लस पाच वर्षं पूर्ण होईपर्यंतच मिळते. अर्ज कधी आला, हे आमच्या शिक्क्यावरून ठरतं. भिंगरीच्या पाचव्या वाढदिवसाला तेव्हा सहा दिवस होते. विकत घेणं तुम्हाला झेपणारं नव्हतं.

परवा तुझ्याकडे जेवलो. तुझ्या सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "वेळेत गेली असतीस, तर पोर आज अंगणात असती." तू मान खाली घालून वाढत राहिलीस. मला सोडायला दारापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "खरंच आहे रे दादा. जन्मदाखला शोधण्यात माझे दोन दिवस गेले." मी चप्पल घालत बसलो. तीन वर्षं मी अशीच चप्पल घालतोय.

तू वेळेत आली होतीस. त्या सकाळी मागून हेडक्लार्क म्हणाले, "काय, आज घरचं कार्य वाटतं?" सगळे हसले. मला लागलं ते. आधी परक्यांचे अर्ज, घरचा शेवटी, असं मनाशी म्हणत तुझा कागद शिक्का न मारताच खणात ठेवला. मोठा प्रामाणिक ना मी! आणि विसरलो. नऊ दिवसांनी तो हाती लागला, तेव्हा सोमवारची नाही, हाती लागला त्या दिवसाची तारीख मारली. अर्ज परत आला. 'उशीर झाला' एवढंच तुला म्हणालो. कुणाचा, ते तू विचारलं नाहीस; सहा दिवसही कमी पडले, असं धरून चाललीस. त्याच थंडीत ताप आला आणि तीन दिवसांत ती गेली. लशीनं ती वाचलीच असती, असं डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. त्या वाक्याआड मी लपून बसलो. रोज देवापुढे हात जोडले, पण तुझ्यापुढे तोंड उघडलं नाही.

आज सकाळी हे सगळं लिहून साहेबांना दिलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. त्याची प्रत सोबत आहे, सासूबाईंना वाचून दाखव. वर पोचेचा शिक्का आहे, माझ्याच टेबलावरचा. या वेळी कागद खणात ठेवला नाही. समोर उभं राहून, आजचीच तारीख मारून घेतली.

तू दार उघडशील तेव्हाच येणारा, तुझाच
दादा