‘सोडू नको’ बंद

रविवार, संध्याकाळ

तळहात अजून भाजतोय. होटगीकडच्या जुन्या खाणीत आज आमच्या डोंगर बचाव पथकाचा सराव होता. जखमी म्हणून इरफानला स्ट्रेचरवर बांधून कड्यावरून खाली सोडत होतो. मध्येच स्ट्रेचर अडकलं. मी पथकाचा प्रमुख, टोकावरून ओरडलो, "सोडू नको!" मागं दोर धरलेल्या सुनंदाताईंना वाऱ्यात फक्त "सोड" ऐकू गेलं. त्यांनी दोर सैल सोडला. मी उघड्या हातानं तो धरला म्हणून बरं, नाहीतर...

इरफान वर आल्यावर म्हणाला, "दादा, ‘नको’ वाऱ्यानं खाल्लं की!" सगळे हसले. मला नाही हसू आलं. ताईंचं काय चुकलं? आणि त्याच वेळी बाकीचेही ओरडत होते, ते मी का चालू दिलं?

ठरलं. यापुढं दोरावर ‘सोडू नको’ बंद. थांबवायचं तर ‘धर’, एवढंच. आणि ओरडणार एकच जण. पुढच्या रविवारी पुन्हा तीच खाण, तोच कडा. स्ट्रेचरवर मी.

मघाशी बायको हाताला मलम लावत होती. "लई दुखतंय काय? सोडू हात?"

‘सोडू नको’ अगदी ओठांवर आलं होतं.

"धर," म्हणालो.